गंडम, भाग १३: मराठी सबटायटलच्या नोंदी

२ जून

बाराव्या भागाची फाइल काल रात्री पूर्ण झाली. आजपासून तेरावा.

१९७९ सालची मूळ जपानी अ‍ॅनिमेशन मालिका ‘मोबाइल सूट गंडम’, एकूण ४३ भाग, दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. हा भाग जपानमध्ये ३० जून १९७९ रोजी, शनिवारी संध्याकाळी लागला होता. आपली मराठी फाइलही तीस तारखेच्या आत व्हावी असं मनात आहे. बघणारे घरचे आणि ओळखीचेच, डिस्क आपली विकत घेतलेली. जपानी तपासायला नेहमीप्रमाणे मैत्रीण आहे. तिने पुण्यात जपानी शिकून अनेक वर्षं अनुवादाचंच काम केलं आहे.

पहिल्यांदा बघताना हातात पेन घेत नाही, हा नियम आजही पाळला. भाग संपल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. बाराव्या भागात शत्रूच्या, म्हणजे झिऑन या अंतराळातल्या राष्ट्राच्या, गिरेन झाबीचं ते प्रचंड भाषण होतं. धाकट्या भावाचा अंत्यविधी, समोर अफाट गर्दी आणि हजारो गळ्यांतून एकच घोषणा. त्याला लागूनच हा भाग येतो, आणि त्यात गंडम हा प्रचंड रोबोट चालवणारा अमुरो, एक पंधरा वर्षांचा मुलगा, रजा घेऊन आईला भेटायला जातो. गोष्ट एवढीच.

शेवटी लढाई आहे. मालिकेचे पैसे खेळणी बनवणारी कंपनी देत होती, तेव्हा रोबोट दिसायलाच हवा. पण तेरावा भाग लक्षात राहतो तो लढाईमुळे नाही.

४ जून

सुरुवातीची पाच-सहा मिनिटं झाली. समुद्रकिनारा, सुट्टी, उन्हात पडलेली पोरं. व्हाइट बेस हे पृथ्वीच्या संघराज्याचं अंतराळजहाज पहिल्या भागापासून पळतंच आहे. त्यावरची बरीचशी माणसं सैनिक नाहीतच, निर्वासितांतून कामाला लागलेली मुलं आहेत. त्यांना पहिल्यांदा वाळूत पाय सोडून बसायला मिळालंय. इथे संवाद कमी, म्हणून काम भरभर झालं.

भागाचं शीर्षक मात्र सोडून पुढे गेले. जपानीत शब्द आहेत ‘साइकाई, हाहा यो…’. ‘साइकाई’ म्हणजे पुन्हा भेट. ‘हाहा’ म्हणजे आई, पण हाक मारायची आई नव्हे. दुसऱ्याला ‘माझी आई’ म्हणून सांगताना वापरायचा शब्द. त्याला ‘यो’ लावलं की कवितेतलं संबोधन होतं. आपल्याकडे ‘हे माते’ जवळ जातं, पण ‘माते’ म्हटलं की डोळ्यांसमोर देवी उभी राहते किंवा जुन्या नाटकातला राजपुत्र. तूर्त ‘पुन्हा भेट, आई…’ असं लिहून ठेवलंय.

या भागात आईसाठी तीन शब्द आहेत: शीर्षकात ‘हाहा’, अमुरोच्या तोंडी ‘कासान’ आणि अगदी शेवटी ‘ओकासान’. मराठीत तिन्ही जागी ‘आई’च येणार. खरं काम इथेच आहे हे आज कळलं.

७ जून

अमुरो कोअर फायटर हे छोटं लढाऊ विमान घेऊन गावी येतो. घर जागेवर आहे, पण आत संघराज्याचे सैनिक पडलेत, दारू पिऊन. म्हणजे त्याच्याच बाजूचे. सफरचंदं विकणाऱ्या बाईला ते त्रास देतात, हा मध्ये पडतो आणि मार खातो.

या प्रसंगाला फार भाषा लागत नाही, पण एक गोष्ट सांभाळायला हवी. झिऑनचे सैनिक आणि संघराज्याचे सैनिक वेगळ्या भाषेत बोलतात असं प्रेक्षकाला वाटता कामा नये. मूळ मालिकेने ती सोय घेतलेली नाही. पहिल्याच भागात निवेदक सांगतो की युद्धाच्या साधारण महिन्याभरात दोन्ही बाजू मिळून निम्मी माणुसकी मेली. (मैत्रिणीने इथे थांबवलं. मूळ शब्द मानवजातीच्या संख्येबद्दल आहे, माणुसकीबद्दल नाही. पहिल्या भागाची फाइल उघडून बघितली. तिथे ‘मानवजातीपैकी निम्मे लोक’ असं बरोबर लिहिलेलं आहे.) तेव्हा इथल्या दारुड्या सैनिकांना खास गुंडांची बोली देणार नाही. रजेवर सुटलेला, कंटाळलेला, हातात हत्यार असलेला कुठलाही शिपाई बोलेल तसं त्यांचं बोलणं ठेवलंय.

११ जून

निर्वासितांच्या छावणीत आले. कामारिया, म्हणजे अमुरोची आई, इथे रुग्णांची सेवा करते. वडील टेम रे लहानग्या अमुरोला घेऊन अंतराळात गेले तेव्हा ती पृथ्वीवरच राहिली. आता इतक्या वर्षांनी भेट होते, आणि भेट जेमतेम होतेय तोवर झिऑनचे गस्तीवाले येतात. आई त्याला खाटेवर झोपवून पांघरूण घालते.

पुढचा तुकडा आज एकेक चौकट पुढे सरकवत पाहिला. शिपाई खाटांमधून चालत येतोय. अमुरोच्या अंगावर असलेलं संदेशयंत्र वाजतं. व्हाइट बेसकडून बोलावणं आहे. शिपाई थांबतो, खाटेजवळ येतो, पांघरुणाला हात घालतो आणि आतूनच गोळी सुटते. आधी कापड फुगतं, भोक पडतं, आणि मग आवाज आपल्यापर्यंत पोचतो असं वाटतं. एक शिपाई कोसळतो, दुसरा पळतो.

इथे सबटायटल एकही नाही. कोणी काही बोलत नाही, आणि यंत्राच्या आवाजासाठी कंसात ‘बीप’ असं लिहायचा मोह मी टाळलाय. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी वेगळी फाइल करू तेव्हा तिथे ते जरूर लिहीन. या फाइलमध्ये तेवढा वेळ पडदा रिकामा राहू दे.

१२ जून

कालच्याच जागी आहे. गोळीनंतरचं आईचं बोलणं.

ती म्हणते की त्या माणसांनाही पोरंबाळं असतील, आणि तू त्यांच्यावर बंदूक रोखतोस? जपानीत ती ‘तेप्पो’ म्हणते. मैत्रीण सांगते की हा जुना शब्द आहे. आजी-आजोबांच्या तोंडी असतो तसा, हरतऱ्हेच्या बंदुकीसाठी एकच. अमुरोच्या हातात आहे पिस्तूल, पण आईच्या तोंडी मी ‘बंदूक’च ठेवलं. आमच्या घरीही पोलिसाच्या कमरेला असते ती बंदूक, सीमेवर असते ती बंदूक आणि जत्रेत फुगे फोडायला असते तीही बंदूकच. ज्या बाईला हत्यारांतले प्रकार कळत नाहीत, कळून घ्यायचेही नाहीत, तिचा शब्द तो आहे.

‘हितोसामा’ या शब्दावर अडलोय. ‘हितो’ म्हणजे माणूस, पुढे आदराचा प्रत्यय. ‘परक्या माणसांना त्रास देऊ नये’ असं आईबाप बजावतात तेव्हा वापरतात तो. ‘लोकांवर बंदूक रोखतोस?’ यात आदर हरवतो. आज रात्रीपर्यंतचा मसुदा: ‘दुसऱ्याच्या लेकरावर बंदूक रोखायची म्हणजे…’. मूळात लेकरू नाही, मैत्रिणीने खूण करून ठेवलीय. पण लगेच आधी तिने त्यांच्या पोराबाळांचा विषय काढलाय, आणि मराठी आईच्या तोंडून अशा वेळी ‘दुसऱ्याचं लेकरू’ हेच येतं. ठेवतेय.

१५ जून

‘बोकु ओ आइशितेनाइ नो?’

शब्दाला शब्द ठेवला तर ‘तुझं माझ्यावर प्रेम नाही का?’. हे मराठीत कुठलाही मुलगा आईला विचारत नाही. डब केलेल्या सिनेमातलं वाक्य वाटतं. मैत्रिणीला विचारलं, जपानीत तरी मुलं असं विचारतात का? म्हणाली, नाही, तिथेही ते टोचतं. घरात कोणी ‘आइ’ हा शब्द काढत नाही, आणि टोचावं म्हणूनच तो तिथे आहे. म्हणजे गुळगुळीत करून चालणार नाही, आणि डबिंगसारखंही वाटायला नको.

दिवसभरात लिहिलेले पर्याय: ‘मी तुला नकोसा झालोय का?’, ‘माझी माया नाही का गं तुला?’, ‘मी तुझा कुणीच नाही का गं?’. दुसरा गोड आहे, नको तितका गोड. पहिल्यात लाडिक रुसवा आहे. तिसरा घेतला. त्यात आरोप आहे आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा आवाजही. तोरू फुरुयांनी हे वाक्य ओरडून म्हटलेलं नाही. याआधी बेसबॉलच्या मालिकेतल्या पेटून उठणाऱ्या नायकाला त्यांनीच आवाज दिला होता. इथे तोच गळा त्यांनी पुरता खाली आणलाय.

त्यावर आई म्हणते, पोटच्या पोरावर माया नसलेली आई असते का कुठे? इथे ‘माया’ अगदी चपखल बसला.

१६ जून

कामारियाबद्दल एक गोष्ट लिहून ठेवते, कारण तपासताना मैत्रिणीशी बराच वेळ हेच बोलणं झालं. पुष्कळांना या आईचा राग येतो. पोरगं जीव वाचवून आलंय आणि ही त्याला बोल लावते!

मला तिचा राग येत नाही. आपण बारा आठवडे अमुरोसोबत आहोत. त्याला त्या यंत्रात पहिल्यांदा चढताना पाहिलंय, रडताना, चिडताना, थोबाडीत खाताना, ‘मी नाही जाणार’ म्हणून बसून राहताना पाहिलंय. तिने यातलं काहीच पाहिलेलं नाही. तिच्याजवळ शेवटची आठवण आहे ती मुंगीवरही पाय न देणाऱ्या मुलाची. आणि दुसऱ्या बाजूला रोज तिच्यासमोर येतात ती गोळ्या लागलेली माणसं. तिने खाटेवर पांघरूण घातलं ते त्याला वाचवायला; त्या पांघरुणाला भोक पडेल हे तिच्या कल्पनेतही नव्हतं.

म्हणूनच तिचं शेवटचं वाक्य, ‘नान्ते नासाकेनाइ को दारोऽ’, मला शिवीसारखं नको आहे. ‘लाजिरवाणा’ नको, ‘निर्दयी’ तर नकोच. ती अमुरोला नाही, स्वतःशी बोलतेय. ‘कसं हो झालं माझं पोर…’ असं लिहिलंय. ‘हो’ कुणाला उद्देशून आहे हे कळत नाही, आणि ते तसंच असावं.

१९ जून

फाँटचं काम. ‘मुक्ता’ वापरतोय, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला. पडद्यावर जाड आणि स्वच्छ दिसतो. दोन ओळींमधलं अंतर वाढवावं लागलं, कारण वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडत होते. देवनागरीत इंग्रजीच्या मापाने ओळी बांधता येत नाहीत. इंग्रजी अक्षरं एका रांगेत बसतात, आपली वरखालीही पसरतात.

दुसरी भानगड ‘दुसऱ्या’ची. संगणकावर ठीक दिसतं, पण काकांच्या टीव्हीवर ‘दुसर्या’ झालं. अर्धा ‘र’ डोक्यावर चढला की शब्दच वेगळा. टायपिंग करताना काही ठिकाणी साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडखूण असं पडलं होतं. त्या टीव्हीला ती खूण कळत नाही. सगळीकडे नुक्त्याचा ‘ऱ’ घालून बदललं. आता ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘तऱ्हा’ सगळं नीट. आधीच्या बाराही फाइलींत हे करायला हवं, त्यात उद्याचा दिवस जाईल.

२१ जून

शेवटचा प्रसंग. तीन दिवस टाळत होते.

लढाई संपलीय. झिऑनचा तळ अमुरोने गरजेपेक्षा जास्त त्वेषाने उद्ध्वस्त केलाय, राग कुठे काढतोय ते उघड दिसतं. आई निरोपाला आली आहे. ब्राइट, जहाजाचा एकोणीस वर्षांचा कप्तान, बाजूला उभा आहे. सकाळपासून ‘कासान, कासान’ करणारा मुलगा ताठ उभा राहतो, सलाम ठोकतो आणि म्हणतो, ‘कोरेकारामो ओतास्शा दे, ओकासान.’

यापुढेही धडधाकट राहा, आई. अर्थ इतकाच. पण ‘ओतास्शा दे’ हे वडीलधाऱ्या, थोड्या लांबच्या माणसाचा निरोप घेताना म्हणतात, आणि ‘ओकासान’ हे दुसऱ्याच्या आईलाही म्हणता येतं. एका ‘ओ’मुळे ती परकी होते. मग तो वळतो, आणि ती रडत खाली बसते.

मराठीत पहिला विचार ‘तू’चा ‘तुम्ही’ करायचा: ‘प्रकृतीला जपा, आई.’ लिहिलं, वाचलं आणि लगेच खोडलं. मराठी कानाला ही सासूबाई वाटते. ‘अहो आई’ ही हाक आपल्याकडे सुनेची आहे. पोटचा मुलगा कितीही तुटला तरी आईला ‘तुम्ही’ म्हणत नाही.

दुसरा विचार ‘येतो’ आणि ‘जातो’चा. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे प्रत्येकाला लहानपणी आईनेच बजावलेलं असतं. अमुरोने उंबऱ्यावर ‘जातो, आई’ म्हटलं तर मराठी प्रेक्षकाच्या पोटात धस्स होईल. पण मूळात जाण्याबद्दल अक्षरही नाही. तो तब्येतीबद्दल बोलतोय. माझ्या हाताने त्याच्या तोंडात एवढं मोठं वाक्य घालायला मन धजत नाही.

२२ जून

एक गोष्ट मात्र केली. आधीच्या सगळ्या संवादांत अमुरो आईशी बोलताना ‘गं’ येईल असं बघितलं. ‘अगं आई’, ‘ऐक ना गं’, ‘मी तुझा कुणीच नाही का गं?’. भांडतानाही ‘गं’ आहे. शेवटच्या वाक्यात तो नसेल. नुसतं त्याने भागणार नाही, पण जमीन तयार होते.

आईला प्रसंग दाखवला. ती शेवग्याच्या शेंगा सोलत बघत होती. तीन पर्याय वाचून दाखवले. ‘जपा’ला तिने मान हलवली: ‘जावई बोलतोय.’ ‘जप हं, आई’ला म्हणाली, ‘मग रडते कशाला ती?’ आणि शेंगा बाजूला ठेवून तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

२४ जून

आज काकांकडे गेले होते, टीव्हीवर ‘ऱ’ तपासायला. काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते. भरती झाल्यावर बेळगावचं रेजिमेंटल सेंटर, मग पुष्कळ वर्षं बाहेर. ‘ऱ’ नीट दिसला. मग ते आपणहून अख्खा भाग बघत बसले. सलामाच्या वेळी मी विचारलं, ‘काका, तुम्ही आजीला काय म्हणायचात?’

‘तूच की. आईला काय अहो-जाहो करायचं!’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘पत्रात नाही पण.’

कपाटातून पिशवी काढली. निळी अंतर्देशीय पत्रं, पत्त्यात मार्फत ५६ एपीओ, म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस. आजीने जपून ठेवलेली, तिच्यानंतर काकांकडे आलेली. प्रत्येकाची सुरुवात ‘ती. आईस साष्टांग नमस्कार’ आणि मी खुशाल आहे, काळजी नसावी. शेवटी ‘प्रकृतीस जपावे. कळावे.’

तू नाही, तुम्ही नाही. ‘जपावे’. कोणी, ते सांगितलेलंच नाही.

मी विचारलं, आजीशी असं का लिहायचात? काका म्हणाले, आजीला वाचता येत नव्हतं. पत्र शाळेतले गुरुजी नाहीतर पोस्टमन वाचून दाखवायचे, ओसरीवर, चार शेजारी बसलेले असताना. ‘गुरुजींच्या तोंडून आईला अगं-तुगं कसं करायचं?’

घरी येईपर्यंत हेच डोक्यात. अमुरोच्या शेजारी ब्राइट उभा आहे. तो कप्तानासमोर बोलतोय. आईवरचा राग त्या वाक्यात आहेच, पण चार लोकांसमोर शिपायाने बोलायची भाषाही आहे. दोन्ही एकाच ‘ओकासान’मध्ये आहेत, आणि म्हणून ती बाई कोलमडते. नुसता रागावलेला मुलगा असता तर तिने त्याला जवळ घेतलं असतं. सलाम ठोकून उभ्या असलेल्या शिपायाला जवळ कसं घेणार?

२५ जून

ओळ: ‘प्रकृतीस जपावे, आई.’

मैत्रीण एका गोष्टीवर अडली. आपली सगळी फाइल बोलीत आहे, अनुस्वार देऊन. ‘करायचं’, ‘सांगितलं’, ‘यावं’. मग इथे ‘जपावं’ हवं, नाहीतर चूक वाटेल. मुद्दा रास्त आहे. ‘जपावं’ घालून दोघींनी तीनदा पाहिलं. त्यात अमुरो अजून घरातच उभा आहे असं वाटतं. ‘जपावे’ म्हटलं की तो कागदावर जातो. ‘-ला’ऐवजी ‘-स’ आणि अनुस्वाराऐवजी एक मात्रा, एवढाच फरक. अख्ख्या फाइलमध्ये हे एकच वाक्य असं आहे. मैत्रिणीने शेवटी मान्य केलं, पण शुद्धलेखन बघणाऱ्याने ‘दुरुस्त’ करू नये म्हणून ओळीला टीप जोडायला लावली. जोडली.

‘यापुढेही’ काढलं. जपानीत आहे, पण मराठीत ते सत्कारसमारंभातलं वाटतं, आणि ओळही लांबते. हे कमी झालेलं मला दिसतंय. भरून काढायला दुसरी जागा सापडली नाही.

शीर्षकही ठरलं. ‘पुन्हा भेट, आई…’ तसंच. शेवटच्या ओळीतल्या ‘आई’शी ते जुळतं, आणि पुन्हा बघणाऱ्याला ते वेगळं ऐकू येईल.

२८ जून

आज अखंड तपासणी. सात ठिकाणी वेळ सरकवली. सगळ्यात मोठा बदल शेवटी: ‘प्रकृतीस जपावे, आई.’ ही ओळ आवाज संपताक्षणी घालवली. आधी ती अर्धा सेकंद जास्त रेंगाळत होती आणि आई खाली बसते त्या चित्रावर चढत होती. त्या चित्रावर अक्षर नको. मालिकेतली पात्रं रेखाटणाऱ्या योशिकाझू यासुहिकोंच्या माणसांना पाठ असते. पाठमोरं माणूस काय सोसतंय ते त्यांच्या रेषेत कळतं. तिथे वाचायला लावणं बरोबर नाही.

२९ जून

घरी सगळ्यांसोबत बघितला. सफरचंदवाल्या बाईच्या प्रसंगात एक ‘आणि’ दोनदा पडलेला सापडला, काढला. बाकी ठीक.

शेवटची ओळ आली तेव्हा आई म्हणाली, ‘पत्रातलं बोलतोय.’ काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने रिमोट मागून घेतला आणि तेवढंच मागे नेऊन पुन्हा लावलं.

फाइल बंद. सोमवारपासून चौदावा: गंडमला बाँब चिकटवून पळणारे झिऑनचे साधे शिपाई, आणि ते एकेक करून काढणारा अमुरो.